खळ्यातली चप्पल

बाबांच्या डाव्या अंगठ्याखाली जखम होती आणि साखर दोनशेच्या खाली येत नव्हती. जखम चिघळली तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. दवाखान्यातून मऊ तळाची चप्पल मिळाली. बाबा ती घरात घालत, रस्त्यावर घालत. खळ्यात मात्र नाही. धान मळतात तिथे चप्पल न्यायची नाही, हा आमच्या सावली तालुक्याकडचा नियम, आणि सुगीत बाबांचा सगळा दिवस खळ्यातच जायचा. मी साखरेचे आकडे खडूनं भिंतीवर लिहीत होतो. आकडे बघून माणूस सुधारतो अशी माझी समजूत. बाबांनी त्यावर कॅलेंडर टांगलं.

दर मंगळवारी पट्टी बदलायला सिस्टर येत, सोबत समाजसेविका ताई. दोघींची वाटणी ठरलेली: सिस्टरनी रागवायचं, ताईंनी समजूत घालायची. बाबांनी ती वाटणी लगेच ओळखली. सिस्टर रागावल्या की ते डोळ्यांत पाणी आणत. ताई गोड बोलल्या की वाद घालत. दोघी थकून चहा पिऊन जात.

एका मंगळवारी त्या थेट खळ्यावर आल्या. बाबा अनवाणी, पट्टीला भुसा चिकटलेला. त्या दिवशी ताईच कडाडल्या, "भाऊ, अंगठा गेल्यावर बांधावरून कसे चालाल? सुनेच्या खांद्यावर बसून?" सिस्टर मात्र गप्प. वाटेत गाडीवरच दोघींनी कामं बदलून घेतली होती.

बाबा गोंधळले. कोणापुढे रडायचं नि कोणाशी भांडायचं, कळेना.

सिस्टरनी आपली चप्पल काठावर काढली. "तुमचा नियम मी मोडत नाही. पाय दाखवा." दोन पावलं आल्या आणि किंचाळल्या. काटा!

"काऊन बाई, दिसत नाई का?" बाबा ओरडले. "चप्पल घाला नं! इथी काटे असतेत!"

मळणीच्या बाया हात थांबवून बघू लागल्या.

"कोणाला म्हणालात, भाऊ?" ताईंनी विचारलं.

"त्याईले. मले तर काई टोचत नाई."

"टोचत नाही, हेच तर साखरेचं दुखणं आहे," असं म्हणत सिस्टरनी लंगडत जाऊन बाबांचा पाय उलटा केला. टाचेत तसाच काटा होता, आतपर्यंत गेलेला. बाबांनी तो पाहिला.

आता ताई हळू बोलल्या, "त्या मऊ चपलेला चप्पल म्हणू नका. दवाखान्यातून आली, तर मोठी पट्टीच ती. खळ्यासाठी मी वेगळा जोड आणून देते."

"त्या चपलेनं रस्ता नाई पाह्यला पायजे," बाबा म्हणाले.

"पिशवीतून आणते."

दुसऱ्या दिवशी बाबा कोरी चप्पल घालून खळ्यात उभे. एका मजूर बाईनं विचारलं, "भाऊ, मंग आमीबी घालू का जी?"

"तुले साखर आहे का?"

"नाई जी."

"मंग चूप."

सुगी संपता संपता जखमेवर नवी कातडी आली. सिस्टरनी अंगठा दाबून पाहिला, मग ताईंनीही वाकून पाहिला.

"दोघी दोघी काऊन पाहून राह्यल्या?" बाबा म्हणाले. "एकच तर अंगठा आहे!"