जीपने गिळलेला 'न'

दुष्काळातली ती चौकशी मी अजून विसरू शकलेलो नाही. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. माणसं कमी, गाड्या जुन्या. पाण्याचे टँकर वाटेत वळवले जात, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवणं हेही आम्हा पोलिसांचंच काम होतं.

एका दुपारी खबर मिळाली, औशाकडच्या एका गावाचा टँकर वीटभट्टीवर रिकामा होणार. मी जीपने निघालो. चालत्या गाडीतूनच गावाजवळच्या चौकीतल्या हवालदाराला वायरलेसवर विचारलं, "टँकर गावात आहे का?" खरखरीतून उत्तर आलं, "हाय, साहेब." मी जीप माघारी वळवली. टँकर भट्टीवरच रिकामा झाला. संध्याकाळी बायका रिकाम्या घागरी घेऊन चौकीपुढे येऊन बसल्या.

हवालदार टँकरमालकाच्या गावचा. मला तेवढं पुरलं. सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर त्याला पट्टा काढायला लावला.

"कुणाच्या सांगण्यावरून खोटं बोललास?"

"साहेब, म्या न्हाय म्हणलं व्हतं."

"मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

"लेकराची आन घेऊन सांगतो, साहेब."

मागून कुणीतरी टोमणा मारला, "गाववाल्याला कसं धरतील मामा!" मी त्याला गप्प केलं नाही.

निलंबनाचा अहवाल पाठवायच्या आधी एकदा रेल्वे फाटकावर थांबलो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि वायरलेस एकदम स्वच्छ बोलू लागला. मला ते खरखरीतलं "हाय" आठवलं. ठाण्याला कळवून त्याच हवालदाराला सेटवर बसवलं.

"न्हाय म्हण."

इंजिन चालू असताना ऐकू आलं, "हाय." बंद केल्यावर, "न्हाय." पुन्हा चालू, पुन्हा "हाय." प्लगच्या ठिणग्या नेमका तो अर्धा 'न' गिळत होत्या.

मग सगळ्या जीपच्या प्लगना ठिणग्यांची खरखर दाबणारे सप्रेसर बसवले, डायनामोला कंडेन्सर लावला, बॉनेट तांब्याच्या पट्टीने चॅसीला जोडलं. संदेश घेताना इंजिन बंद, आणि ऐकलेलं उत्तर परत म्हणून दाखवायचं, असा नियम केला. खरखर बरीच कमी झाली. टँकरमालकावर गुन्हाही दाखल झाला.

पट्टा मी हजेरीतच परत दिला आणि चूक माझी होती असं सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या साहेब, माझी जीभच गावठी."

संशय मी आधी घेतला होता, ऐकलं नंतर. खरखर काढता आली, पण त्याच्या मनातून ती हजेरी मला काढता आली नाही. माझ्या बदलीच्या दिवशी सगळे चहाला बसलो होतो. कुणीतरी विचारलं, "मामा, अजून अर्धा घेता का?"

तो ताठ बसून म्हणाला, "नाही. पुन्हा सांगतो, नाही."

सगळे हसले. मला मान वर करता आली नाही.