नायट्रिकचा नारिंगी धूर

टेम्पोच्या ताडपत्रीखालून नारिंगी धूर निघत होता. हलका, संथ. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत दुपारची सामसूम होती आणि आमच्या माती परीक्षण लॅबच्या फाटकात तो धूर तिन्हीसांजेच्या उजेडासारखा पसरत होता. क्षणभर मी नुसती बघत राहिले.

मग खोकला ऐकू आला. नागपूरहून आमची केमिकल्स आणणारे सुधाकरभाऊ आत वाकून हातांनी कापूस उपसत होते.

"भाऊ, हा कापूस कुठला?"

"घरचा हाय, मॅडम. भाव नाही, पडूनच होता. म्हटलं, काचेच्या बाटल्या हायेत, गादी करू."

कापसाला कोणी विचारत नव्हतं, अशी ती वर्षं. पण नायट्रिक ॲसिड कापसाला, भुशाला लागलं की तापतं, विषारी वायू सोडतं, कधी पेटही घेतं. त्याचीच एक बाटली तडकली होती. भोवतालचा कापूस हळदीसारखा पिवळा झाला होता.

मी भाऊंना बाही धरून ओढलं, वारा जिकडून येत होता त्या अंगाला नेलं. शिपायाने लांबून पाइपाने पाणी मारलं, भरपूर. धूर विरला.

लॅबचे साहेब बाहेर आले. "आग नाही ना लागली? मग जाऊ द्या त्यांना."

"मले काही नाही झालं," भाऊ हसले. "घाटंजीला बायको वाट पाहून राह्यली."

हा वायू लबाड. आधी नुसता खोकला येतो. मग माणूस काही तास ठणठणीत दिसतो आणि त्यानंतर फुफ्फुसात पाणी उतरतं.

"साहेब, मी यांना दवाखान्यात नेते."

"ते नाही म्हणतात ना?"

"टेम्पोची किल्ली मी काढून घेतली आहे."

सरकारी दवाखान्यात भाऊंना खिडकीजवळची खाट मिळाली. बाहेर ऊन कलत होतं. ते शेताबद्दल बोलत राहिले, अगदी सावकाश, झोपेत बोलावं तसं. "कपाशीचं फूल पयल्या दिवशी पांढरं असते, मॅडम. दुसऱ्या दिवशी गुलाबी..."

वाक्य तिथेच थांबलं. ओठ निळसर झाले होते. मी नर्सला हाक मारली.

ऑक्सिजन वेळेवर लागला. भाऊ वाचले. घरी न्यायला आलेल्या त्यांच्या बायकोने मला हळूच विचारलं, "कापूस तं नरम असते ना, मॅडम?"

"असतो," मी म्हटलं.

आता आमचं नायट्रिक कोरड्या वाळूत, वेगळ्या पेटीत येतं. आणि तो धूर छातीत गेलेला माणूस 'बरा आहे' म्हणाला, तर ते डॉक्टरला ठरवू द्यावं.