मध्यस्थाच्या घरचा कॅमेरा

बाजारात त्याला सगळे मध्यस्थ म्हणतात. तो लग्नं जमवतो म्हणून नाही. त्याचं स्वतःचं लग्नही मामाने जमवलं होतं. एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडून देणं हे त्याचं काम. या कंपन्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत. प्रत्येकीला वाटतं, कॅमेरा, रेकॉर्डर, सगळं आपल्याकडूनच घ्यावं. पण गिऱ्हाईक ऐकतंय कुठे? जुना रेकॉर्डर बिघडला की हाताला लागेल तो नवा आणतं, आणि पडद्यावर नुसता काळोख दिसायला लागला की मध्यस्थाला फोन करतं. माझं वायरी-स्विचांचं आणि कॅमेऱ्यांच्या सुट्या सामानाचं दुकान त्याच्या घराच्या बरोबर खाली. त्याने फोन उचलला नाही की लोक माझं डोकं खातात.

काम मात्र चोख. वहीत प्रत्येक कॅमेऱ्याचं पान. महिना झाला की कोणी बोलावलेलं नसताना हा पुन्हा त्या जागी जाणार आणि रेकॉर्डरमधली नोंद उघडून वाचत बसणार. कॅमेऱ्याचा संपर्क किती वेळा तुटला, कधी परत आला, कोणी केव्हा उघडून पाहिलं, सगळं त्या नोंदीत आपोआप लिहिलं जातं. मी चिडवायचो, "अरे, मुलगी सासरी नीट नांदतेय का ते बघायला जातोस का?" तो म्हणायचा, "परक्या घरात दिलेली आहे, शेठ. बघायला नको?"

वहिनी जाऊन आता चार वर्षं झाली. मुलगा त्याआधीच परदेशी गेलेला. पहिलं वर्ष मध्यस्थाने धीराने काढलं, मग हळूहळू सैल पडत गेला. ओट्याशी उभ्यानेच पाव-दूध खायचं, दाढी आठवड्याने करायची, कामावरून आलं की त्याच कपड्यांत आडवं व्हायचं. मी बोललो की म्हणे, "बघायला कोण बसलंय?" मला राग यायचा. खरं सांगायचं तर वाईट वाटायचं, पण माझं वाईट वाटणं रागाच्याच वाटेने बाहेर पडतं.

यंदा मुलाने एका ओळखीच्या माणसाबरोबर कॅमेरा पाठवला. आधी आपल्या घरी चालवून, पासवर्ड घालून तयार केलेला. फोनवर म्हणाला, "बाबा, भिंतीला लावा आणि वायफायला जोडा, बाकी काही करू नका. मला माझ्या मोबाइलवर तुम्ही दिसाल."

एवढं ऐकेल तर तो मध्यस्थ कसला! "माझ्या घरातलं चित्र त्या कंपनीकडे कशाला जाऊ देऊ?" असं म्हणून त्याने माळ्यावरचा रेकॉर्डर काढला. तो अर्थातच दुसऱ्याच कंपनीचा. कॅमेरा आधी त्याला जोडायचा आणि मुलाने आपल्याला रेकॉर्डरमधून बघायचं, असा त्याचा बेत. मुलासाठी त्यात वेगळं खातं उघडलं आणि नाव दिलं 'चिरंजीव'.

आणि ज्याने बाजारातल्या सगळ्या सोयरिकी जमवल्या त्याला स्वतःच्या घरची जमेना. पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर, सगळ्या कंपन्यांना समजते ती ऑनव्हिफ नावाची सामाईक भाषाही दोन्हीकडे चालू. तरी कॅमेरा रेकॉर्डरला दारात उभा करीना. पाचदा नकार दिला की अर्धा तास कुलूपच लावून बसायचा. तिसऱ्या दिवशी मी वर गेलो तर हा जमिनीवर मांडी ठोकून बसलेला. "घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही, शेठ."

संध्याकाळी हसत खाली आला. घोळ घड्याळाचा होता. कॅमेरा मुलाच्या घरी चालू झालेला, त्यामुळे त्याच्या पोटातली वेळ तिकडची. दोन घड्याळांत इतका फरक असला की कॅमेऱ्याला वाटतं, कोणीतरी शिळा पासवर्ड चोरून आणलाय. "इतरांकडे पहिल्यांदा घड्याळ बघतो," तो म्हणाला, "इथे मात्र बघायचं सुचलंच नाही. मुलाने लावलेलं चुकीचं कसं असेल, असं वाटलं."

त्या दिवसापासून माणूस बदलला. रोज दाढी. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट. जेवण टेबलावर, ताट वाढून. खुर्ची कॅमेऱ्यात नीट येईल अशी सरकवून घेतली. कामावर असतानाही मोबाइलवर आपलंच रिकामं घर उघडून बघायचा, कुठे पसारा तर दिसत नाही ना म्हणून. रविवारी मुलाचा फोन आला की दुकानात येऊन सांगायचा, "विचारलं त्याला, नीट दिसतं का? म्हणाला, बघतो ना बाबा, रोज बघतो." हे सांगताना त्याचा चेहरा इतका खुलायचा की मी माझी नेहमीची वाकडी बोलणी गिळून टाकायचो.

महिना उलटला. एका रविवारी दुपारी मी त्याच्याकडे चहाला गेलो होतो. चहा ओतता ओतता तो म्हणाला, "अरे, घरची नोंद वाचायची राहिलीच की." सवयच ती. रेकॉर्डर टीव्हीला जोडला आणि पानं उलटू लागला. कॅमेरा एकदाही तुटला नव्हता. तो खूश झाला. मग कोणी केव्हा पाहिलं त्याचं पान आलं.

सगळीकडे त्याचंच नाव होतं. सकाळी अकरा, दुपारी दोन, चार. कामावरून आपलं घर बघितल्याच्या त्या नोंदी. 'चिरंजीव' एकदाच होता, पहिल्या दिवशी, दोन मिनिटं. मध्यस्थ खालपर्यंत गेला, पुन्हा वर आला. मग त्याने फक्त त्या नावाच्या नोंदी मागितल्या. पडद्यावर एक ओळ उरली.

मुलाने सांगितलं तसं कॅमेरा थेट त्याच्या मोबाइलला जोडला असता तर हे त्याला जन्मात कळलं नसतं. त्याच्या हुन्नरानेच त्याचा घात केला.

माझं डोकं सणकलं. "लाव फोन! आत्ताच्या आत्ता. रोज बघतो म्हणे! विचार त्याला."

"काय विचारू? तू मला का बघत नाहीस, असं विचारू?"

त्याने टीव्ही बंद केला. चहा निवला होता, तरी आम्ही दोघांनी तो संपवला. मग तो म्हणाला, "त्याचं चुकलं नाही, शेठ. तीस वर्षं मी लोकांकडे कॅमेरे बसवतोय. रोज बघणारं एक गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही. काही घडलं की मग मात्र बघतात. मागे मागे जाऊन, एकेक दिवस काढून बघतात."

मी जिना उतरलो. घरी बायकोवर उगाच ओरडलो, आणि मग तिला सगळं सांगितलं.

सोमवारी दुकान उघडतोय तोच तो खाली आला. रेकॉर्डरमध्ये बसणारी, माझ्याकडची सगळ्यात मोठी डिस्क मागितली.

"एका कॅमेऱ्याला एवढी कशाला?" मी विचारलं.

"आत्ताच्या डिस्कवर पंधराच दिवस राहतात," तो म्हणाला. "मग जुनं पुसलं जातं आणि त्यावर नवं चढतं. उद्या तो बघायला बसला, तर पंधरा दिवसांचा बाप त्याला कसा पुरेल?"