पुढच्या पाळण्यातला हरेश

हे मी आजवर कोणाजवळच बोललेलो नाही. बायको असती तर कदाचित तिला सांगितलं असतं. मुलगी बंगळूरला असते, तिला फोनवर सांगण्यासारखं हे नाही. इथे मला कोणी ओळखत नाही, म्हणून लिहितोय... नावं बदलली आहेत.

आधीच सांगतो, भुतंखेतं मानणारा माणूस मी नाही. नवीन पनवेलला आमच्या बिल्डिंगमध्ये एक बंद फ्लॅट आहे, त्याबद्दल लोक काहीबाही बोलतात. त्याची चावी माझ्याकडेच असते. नळ गळायला लागला की मीच जाऊन बंद करून येतो.

नोकरी जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात, ऑफिसमध्ये. हरेश त्याच यार्डात क्रेन चालवायचा. उरणकडच्या कोळीवाड्यातला. घरची होडी होती, सुट्टी मिळाली की भावाबरोबर समुद्रात. माझी बायको गेली त्यानंतर मी दुपारी बिस्किटं खाऊन राहायचो. हा एक दिवस समोर येऊन बसला आणि डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं. पुढे वहिनी, म्हणजे त्याची बायको, दोघांना पुरेल एवढा डबा भरायला लागली.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी त्याला हिमाचलला नेलं. नेलं म्हणजे... मलाच सोबत हवी होती. ग्रुप टूरमध्ये एकटा माणूस असला की जेवणाच्या टेबलावर सगळे त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलतात. ते मला नको होतं. हरेशला डोंगराचं काही कौतुक नव्हतं, माझ्या आग्रहाखातर आला. वहिनीला मासळीचा धंदा सोडून येणं जमणार नव्हतं. निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, यांना एकटं सोरू नका. तिकडं यांचं कोन नाय." मी हसून हो म्हटलं.

ठिकाणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हिवाळ्यात तिथे स्कीइंग चालतं. उन्हाळ्यात त्याच उतारांवर गवत असतं आणि गवतावर आपली माणसं — घोडे, झिपलाइन, माणूस आत घालून गडगडत सोडायचा तो प्लास्टिकचा मोठा गोळा. स्कीवाल्यांची चेअरलिफ्ट तेव्हा पर्यटकांना वर नेते. दोघांचा उघडा पाळणा, पुढे एक आडवी दांडी, बस्स. वर जाण्याआधी दुकानातून भाड्याने कोट आणि गमबूट घ्यायचे. कोट परत यावा म्हणून पाठीवर दुकानाचा नंबर रंगवलेला असतो. आम्हाला लाल कोट मिळाले. हरेशला त्याचा खांद्यांत इतका घट्ट होत होता की हात धड वर जात नव्हते.

सकाळपासूनच त्याचं डोकं जड होतं. मी इथेच चहा पीत बसतो, तुम्ही जाऊन या, असं त्याचं म्हणणं. त्यावर मी टूरमधल्या सगळ्यांसमोर म्हटलं, की वादळात होडी घालणारा माणूस पाळण्याला घाबरतो, हे वहिनीला कळवायला पाहिजे. लोक हसले. तोही हसला, आणि बसला. वर जाताना दांडी गच्च धरून म्हणाला, "दादा, बोटीत निदान खाली पानी तरी असतं."

वर मॅगीची एक टपरी. तिच्या मागे, वारा लागत नव्हता तिथे, तो एका फळीवर टेकला. चेहरा उतरला होता. पलीकडच्या वळणावर मळक्या बर्फाचा एक पट्टा उरला होता, तिथे लाकडी स्लेजवरून घसरत होते लोक. मी तिकडे निघालो.

"दादा, जरा बसा ना माज्याजवल. धाप लागलेय."

इथे हवाच विरळ असते, सगळ्यांना होतं, आत्ता आलो — असं काहीतरी बोलून मी गेलो. घसरलो, वर चढलो, पुन्हा घसरलो. बायको गेल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्याने हसत होतो... हे लिहिताना फार जड जातंय.

मग ढग उतरले. लिफ्टवाले शिट्ट्या मारून सगळ्यांना खाली पाठवायला लागले. आमच्या ग्रुपमधून मीच पहिला धावत लिफ्टशी पोचलो, तर समोर नुकत्याच सुटलेल्या पाळण्यात हरेश. लाल कोट, आमच्याच दुकानाचा नंबर, खांद्यांत ताणलेला. मी हाक मारली. त्याने वळून पाहिलं. चेहरा स्वच्छ दिसला मला. वाटलं, चला, बरा दिसतोय. मी मागच्या पाळण्यात बसलो.

खाली येईपर्यंत तो सारखा मागे वळून बघत होता. मध्ये धुकं यायचं, तो दिसेनासा व्हायचा. धुकं सरलं की तोंड माझ्याकडेच. राग नव्हता. मी येतोय ना, एवढंच बघत असल्यासारखा. मी ओरडून काहीतरी चेष्टा केली.

खाली पुढचा पाळणा चाकाला वळसा घालून गेला. रिकामा.

मी तिथल्या माणसाला विचारलं, आगेवाला आदमी किधर गया? तो म्हणाला, "आगे तो खाली कुर्सी थी, साहब. उतरनेवालों में पहले आप ही आए." त्याने वर फोन लावला. टपरीमागे लाल कोटातला एक माणूस भिंतीला टेकून बसलाय, हलवलं तरी उठत नाही, असं वरून कळलं.

हार्ट अटॅक. जाऊन किती वेळ झाला होता, ते डॉक्टरांना नक्की सांगता येईना. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्याच दुकानाच्या कोटातला दुसरा कोणी असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणून बघितलं. पण पाळण्यातून मधेच उतरता येत नाही. आणि तो चेहरा... दिवसकार्याला त्याचा भाऊ कोणाला तरी सांगत होता, की त्यांच्याकडे दोन होड्या जोडीने गेल्या तर मागची दिसल्याशिवाय पुढची खाडीत शिरत नाही. हरेश या बाबतीत फार कडक होता. ते ऐकून मी उठून बाहेर गेलो.

यापेक्षा वाईट विचार दुसराच आहे. तो पुढे दिसला म्हणून मी टपरीमागे डोकावलो नाही. दोन पावलं वाकडी केली असती तर... कदाचित तेव्हा तो जिवंतही असेल. तो मला सोबत करत होता? की मला त्याच्याकडे बघायचंच नव्हतं, म्हणून माझ्याच डोळ्यांनी त्याला पुढे बसवून दिलं?

वहिनीने एकच विचारलं होतं, "शेवटाला जवल कोन व्हतं?" मी म्हटलं, मी होतो. डोकं माझ्या मांडीवर होतं. पाणी मागितलं, मी पाजलं. तिने डोळे पुसले आणि माझ्या पाया पडली. माझ्याहून फार लहान नाही ती. आता ती हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी तिच्याकडे गेलो की हरेशच्या मुलींना माझ्यासमोर बसवते आणि मला पुन्हा सांगायला लावते. दर वेळी माझ्याकडून त्यात थोडी भर पडते. गेल्या खेपेला धाकटीने विचारलं, पाणी प्यायल्यावर पप्पा काय बोलले का? मी म्हटलं, तुझं नाव घेतलं.

हरेश गेला तेव्हा त्याच्याजवळ कोणी नव्हतं. त्याने मला बसायला सांगितलं होतं आणि मी बसलो नाही. एवढं वहिनीला तिच्या घरी जाऊन, तिच्या तोंडावर सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.