घळीत अडकलेले साहेब आणि आत्याची मोळी

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा वाटणीत पाऊस जुन्याच जिल्ह्याकडे राहिला असावा. मुरुडकडच्या आमच्या गावात तर त्या साली ढग वाट चुकूनच यायचे आणि माफी मागून जायचे. दुष्काळी कामाचा मी मुकादम. गावामागच्या घळीच्या तोंडाशी पाझर तलाव मंजूर झाला, तर अख्ख्या गावाला घराजवळ काम. नाहीतर तीन कोस चालत परगावी खडी फोडायला जायचं. शिफारस होती एका नव्या साहेबांच्या हातात.

साहेब आले ते खांद्यावर दोराचं भेंडोळं घेऊन. हिमालयात गिर्यारोहण शिकलेले. आता नांदेडकडचा, माहूरचा डोंगर पाहिलेला माणूस आमच्या टेकाडाला पायरी म्हणेल, पण घळ अशी उभी की सरडासुद्धा उतरताना बूड टेकतो.

पठारावरून खाली डोकावताच साहेब हरखले. "मुकादम, हा तर कुलवार!"

"न्हाई साहेब, घळ हाय."

"फ्रेंच शब्द आहे हो. वाहणं, घसरणं, त्यावरून आलेला. डोंगरातली अशी उभी, अरुंद घळ. वरून सुटेल ते हिच्यातूनच खाली येतं. दगड, बर्फ..."

"बर्फ गारेगारवाल्यानं आणला तरच, साहेब."

ते हसले नाहीत. "मधे कधी उभं राहायचं नसतं," एवढं शिकवून उतरायला लागले आणि अर्ध्यावर, बरोबर मधे, अडकले. दोर बांधायला झाड शोधत होते. घळीतली झाडं आम्ही केव्हाच चुलीत घातली होती.

"जागा धोक्याची आहे!" तिथूनच ओरडले. "इथे मजूर लावता येणार नाहीत!"

अख्खं गाव मला परगावच्या वाटेला लागलेलं दिसलं. तेवढ्यात वरून आरोळी आली, "मोळी आलीऽऽ!"

आमच्या बायकांची ही जुनी रीत. पठारापलीकडून आणलेली सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन कोण उतरतंय? ती घळीत सोडायची आणि मागून आपण बसून घसरत यायचं. मोळी साहेबांच्या कानाजवळून अशी गेली की त्यांची टोपीही तिच्यासोबत निघाली. मागोमाग साठी उलटलेली माझी आत्या, लुगडं खोचून. टाच रोवून ती थांबली.

"ओ पाहुणं, रस्त्यात का बसलाव?"

"मावशी, वरही जाता येईना, खालीही."

"मंग बूड टेका अन् या माझ्या मागं. आना तो दोर."

दोराचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं साहेबांच्या. निघाले! त्यांचा धुरळा उस्मानाबादेतून दिसला म्हणतात. साहेबांच्या पँटीचा मागचा भाग कायमचा घळीच्या मालकीचा झाला.

खाली आत्यानं मोळीवर बैठक मारली. "आमी रोज दोन खेपा करताव, अन् तुमी म्हंता धोका. काढा कागद. मी हाय हितंच."

साहेबांनी उभ्यानंच लिहिलं, बसणं शक्यच नव्हतं: 'सदर कुलवार स्थानिकांच्या नित्य वापरात असून काम सुरू करण्यास हरकत नाही.'

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत तो शब्द कुणालाच कळला नसणार. पण अर्थ विचारला तर आपलं अज्ञान उघडं पडणार, म्हणून मुकाट सह्या झाल्या. हजेरीपटाच्या माथ्यावर 'कुलवार पाझर तलाव' आलं आणि त्याखाली पहिला अंगठा आत्याचा.

दोर मात्र तिनं परत केला नाही. आमच्या म्हशीला तो दहा वर्षं पुरला.