टोपी वर, क्लिप खाली

बिजागरे हे त्यांचं आडनाव नव्हे. मोटारींच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्यांनी दारांना बिजागऱ्या जोडल्या, तेव्हा एके दिवशी हजेरीच्या खिडकीपाशी कोणीतरी म्हणालं, "या, बिजागरे." ते जे चिकटलं ते चिकटलंच. घरी बायकोसुद्धा रागावली की "अहो बिजागरे" म्हणायची. निवृत्तीनंतर माणूस काही वेगळं करेल अशी तिची अपेक्षा होती. यांनी तेच काम चोवीसपट लहान करून घरी आणलं.

बाजारात छोट्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. घरी जोडायचे, रंगवायचे, कपाटात ठेवायचे. त्या गाड्यांची दारं नुसती रेघेची असतात, उघडत नाहीत. बहुतेकांचं त्यावर भागतं. बिजागरेंचं भागत नसे. ते खिडकीपाशी टेबल ओढून बसत आणि पात्याच्या पाठीने दाराच्या रेघेवरून साठ-सत्तर वेळा हात फिरवत. घाई केली तर पातं घसरतं आणि सगळी बाजू वाया जाते. दार सुटून हातात आलं की चारी कडांनी केसाएवढं घासायचं, कारण रंगालाही जाडी असते; ती जागा सोडली नाही तर रंगवलेलं दार पुन्हा मिटत नाही. मग बिजागरी. तिच्यासाठी इंजेक्शनची जाड सुई लागे. बायको एका दवाखान्यात नर्स होती, मुदत संपलेल्या बंद सुया ती आणून द्यायची. "लोक सुईला घाबरून पळतात, आमच्याकडे गाड्या रांग लावून टोचून घेतात," असं ती शेजारणीला सांगे.

सुईचे तीळभर तीन तुकडे कापायचे. दोन गाडीच्या खांबाला, एक दाराला. तिन्ही एका रेषेत आले की त्यांतून गिटारच्या तारेचा तुकडा ओवायचा. ही पीन. तिच्या एका टोकाला कथिलाचा मोहरीएवढा थेंब, ती टोपी. पीन वरून खाली सोडायची आणि खालच्या टोकाला नखांच्या पॉलिशचा ठिपका द्यायचा. कारखान्यात त्या ठिपक्याच्या जागी पोलादी क्लिप असे, बाकी तत्त्व तेच. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच शिकवत: टोपी वर, क्लिप खाली. क्लिप उद्या तुटली तरी टोपी पिनेला खाली जाऊ देत नाही. दार आपल्याच वजनावर शहाण्यासारखं उभं राहतं.

त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, एका सोमवारी फोन केला.

"यांना रविवारी सत्तर पूर्ण होतायत. आपली ती गाडी करून दे लहानशी. निळी."

"ती कशाला आता?"

"आठवण काढतात. बोलत नाहीत, पण मला कळतं. खिडकीतून खाली बघत बसतात, जिथे ती उभी असायची तिथे."

बिजागरे "बरं" म्हणाले. पण फोन ठेवल्यावर त्यांना उगीच पाणी प्यावंसं वाटलं.

त्या गाडीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. ताईचे यजमान, भाऊजी, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. बुटके, अंगाने भरलेले, स्वभावाने थट्टेखोर. गाडीतून उतरताना दाराची वरची कड धरून अंग उचलायची त्यांना सवय. दीड वर्षापूर्वी बँकेसमोरच्या उतारावर ते असेच उतरत होते आणि दार वरच्या बिजागरीतून निखळलं. दारासकट भाऊजी रस्त्यावर. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, काठी आली, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं. भाऊजी खोलीबाहेर पडेनात. दुखण्यापेक्षा त्यांना लाजच जास्त झाली होती. ताईची जीभ तशीही तिखट, त्यात काळजीने तिला धार आलेली. "हजारदा सांगितलं, ते दार आहे, वडाची पारंबी नाही लोंबकळायला." हे वाक्य पाहुण्यांसमोर, औषध देताना, चादर बदलताना. पहिल्यांदा भाऊजी हसले होते. नंतर त्यांनी हसणं सोडलं.

आणि त्या वाक्याला आधार बिजागरेंचा होता. अपघातानंतर गॅरेजमध्ये गाडी बघायला तेच गेले होते. मेकॅनिक त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, कारण बिजागरीतलं त्यांना कळणार नाही तर कोणाला. वरच्या बिजागरीत पीन नव्हती. उतारावर कुठे घरंगळली असेल ती असेल. बिजागरे उभ्या उभ्याच म्हणाले होते, "लटकून लटकून खिळखिळं झालंय." झालं. घरातल्या तज्ज्ञानेच निकाल दिल्यावर अपील कुठे करणार? पुढे गाडी भंगारात गेली.

निळी गाडी करायला पाच दिवस होते आणि पाच दिवस फार थोडे. घाईत बिजागरेंनी एक आगाऊपणा केला: दारं बसवण्याआधीच डॅशबोर्ड चिकटवून टाकला. शुक्रवारी दुपारी चालकाचं दार बसवायला घेतलं तर वरच्या बिजागरीवर डॅशबोर्डची कड आलेली. पीन वरून जाईना. चिमटा तिरका धरला, गाडी उलटी केली, काही केल्या जाईना. मग त्यांनी ती खालून वर सरकवली. टोपी खाली, पॉलिशचा ठिपका वर. दार सुरेख हललं. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

शनिवारी जेवण करून ते टेबलापाशी आले, तर दार खालच्या बिजागरीवर कलून लोंबत होतं. पॉलिश सुकून सुटलं होतं आणि पीन टेबलावर पडली होती.

ते खुर्चीत बसले. पीन त्यांनी बोटावर घेतली. एवढीशी तार, पण तिच्याकडे बघता बघता त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. नऊ वर्षांत दुखला नव्हता तसा.

तो हिवाळा. खांदा असा आखडला होता की हात कानाच्या वर जाईना. लाइनवर गाडी उंच पाळण्यावरून पुढे सरकत यायची, वरची बिजागरी डोक्याच्या उंचीवर, आणि तिच्यात पीन वरून ठोकायची म्हणजे दर गाडीला हातोडी डोक्यावर न्यायची. सांगितलं असतं तर पॅकिंगला पाठवलं असतं. बिजागरे पॅकिंगला, लोक काय म्हणतील. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. वरच्या बिजागरीची पीन खालून, पान्याच्या मागच्या टोकाने दाबून चढवायची आणि वर क्लिप बोटाने लावायची. तपासनीस क्लिप आहे का बघे आणि दार हलवून पुढे जाई. तीन महिने असंच चाललं. मग बायकोच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खांद्यात इंजेक्शन दिलं, हात वर जायला लागला, आणि ते तीन महिने बिजागरे अगदी मनापासून विसरले.

त्याच हिवाळ्यात ताईने गाडी घेतली होती. लाइनवरून त्यांनीच निवडून दिली होती. "ही माझ्या हातची आहे, डोळे मिटून घे," असं म्हणाले होते.

बायको कपडे वाळत घालून आत आली तर हे तसेच बसलेले. त्यांनी सगळं सांगितलं. ती ओल्या हातांनी ऐकत राहिली.

"टोपी वर असती तर पीन पडलीच नसती," ते म्हणाले. "गॅरेजमध्ये पीन नव्हती. मोडलेली नव्हती, नव्हतीच. मला तिथेच कळायला हवं होतं."

"गाडी भंगारात वितळली. आता उकरून काय निघणार?"

"भाऊजी निघतील खोलीबाहेर."

"आणि ताई?"

ताईने त्यांना आईसारखं वाढवलं होतं. कारखान्यात चिकटवण्यासाठी ती स्वतः फाटकापर्यंत आली होती. त्या ताईला ते सांगणार होते की तू दीड वर्ष ज्याला टोचून खाल्लंस तो निर्दोष होता, आणि तुला खोटं सांगणारा मी.

बायको हात पुसत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे चुकीची सुई दिली गेली तर त्याच पाळीत लिहून द्यावं लागतं. कोणी ओरडलं तरी. सकाळपर्यंत ठेवलं की मग ते कोणीच लिहीत नाही."

त्यांनी डॅशबोर्ड उचकटून काढला. निळ्या रंगाचा टवका गेला, तेवढा परत लावला. पीन वरून सोडली.

रविवारी सकाळी ते ताईकडे पोचले तेव्हा भाऊजी पलंगावर उशीला टेकून होते. पायांवर चादर, बाजूला कुठल्याशा पुस्तकाची मुद्रितं. जुन्या ओळखीवर कोणीतरी पाठवलेली.

"या बिजागरेसाहेब," ते म्हणाले. "सत्तरीचा माणूस बघायला आलात? तिकीट नाही."

बिजागरेंनी गाडी त्यांच्या तळहातावर ठेवली. भाऊजींनी नखाने चालकाचं दार उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. डोळे भरून आले तसा त्यांनी चष्मा पुसला.

"हे तरी माझ्या वजनाने पडणार नाही ना?"

"तेही पडलं नव्हतं, भाऊजी. तुमच्या वजनाने नाही पडलं."

आणि मग उभ्यानेच त्यांनी सांगायला सुरुवात केली. खांदा, हिवाळा, खालून चढवलेली पीन, गॅरेज. ताई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. तिने तो खाली ठेवलाही नाही.

त्यांचं बोलून झालं. शेजारच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी," भाऊजी शेवटी म्हणाले. विनोद करायचा होता, पण हसले नाहीत.

ताईने विचारलं, "गॅरेजमध्ये वाकून बघितलं होतंस?"

"नाही."

"का नाही?"

"वाकता येत नव्हतं म्हणून नाही, ताई. मला वाटतं, मला बघायचंच नव्हतं."

ताईने ट्रे स्टुलावर ठेवला. नवऱ्याकडे तिने बघितलं नाही. भावाकडेही नाही. "मी यांना काय काय बोलले," एवढंच म्हणाली, आणि मग, अगदी शांतपणे, "तू आता जा. गाडी घेऊन जा नाहीतर ठेव, पण जा."

"बसू दे त्याला," भाऊजी म्हणाले. "त्याचं काम संपलेलं नाही."

ते सरळ बसले. मुद्रितांवरची लाल पेन्सिल त्यांनी उचलली, मग ठेवून दिली आणि साधं पेन शोधलं.

"पुस्तकात चूक छापून गेली ना, तर आम्ही शुद्धिपत्र चिकटवायचो. कितीही नाक कापलं गेलं तरी. पण शुद्धिपत्राला पानाचा नंबर लागतो. नुसतं 'चुका झाल्या' म्हणून चालत नाही. किती गाड्या?"

बिजागरेंना इतका वेळ एकच गाडी दिसत होती. निळी. त्यांनी भिंतीकडे बघत हिशेब केला. दिवसाला ऐंशी. सुट्ट्या वगळून सत्तर दिवस.

"साडेपाच हजारांच्या पुढे."

"आणि त्यांतल्या किती अजून रस्त्यावर?"

"काय सांगू? नऊ वर्षं म्हणजे गाडी काही जुनी नाही झाली."

भाऊजींनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. कारखान्याच्या मोठ्या साहेबांना पत्र. महिने घाल, पाळी घाल, दाराची बाजू घाल, तुझा हजेरी क्रमांक घाल. बिजागरे लिहीत गेले. दोनदा भाऊजींनी कागद परत मागितला, एक ओळ खोडली, म्हणाले, "इथे खांद्याचं रडगाणं नको, खाली घे." ताई खिडकीत पाठ करून उभी होती, पण पत्र मोठ्याने वाचलं जात होतं तेव्हा ती हलली नाही. शेवटी तिने कपाटातून पाकीट काढून टेबलावर टाकलं. हातात नाही दिलं.

"उद्या सकाळीच टाक," भाऊजी म्हणाले. "ते काय करतील ते करतील. तुझी पेन्शन अडवतील, की कागद दाबून ठेवतील, सांगता येत नाही."

बिजागरे खाली उतरले. ताई दारापर्यंत आली नव्हती. आजवर असं झालं नव्हतं. रस्त्यावर ऊन होतं आणि रविवारची गर्दी. पाकीट खिशात, आणि साहेब ते कधी उघडतील कोण जाणे. कोपऱ्यावर तशीच गाडी उभी होती. तोच आकार, फक्त पांढरा रंग. एक बाई दोन पिशव्या सांभाळत चालकाच्या दाराची किल्ली शोधत होती.

ते आधी पुढे निघून गेले. पाच पावलं गेल्यावर परत आले.

"ताई, एक मिनिट. दार उघडू नका. मला वरची बिजागरी बघू द्या."

बाईने पिशव्या छातीशी धरल्या. "का? कोण तुम्ही?"

त्यांना कारखान्याचं नाव सांगता आलं असतं, निवृत्त म्हणता आलं असतं, किंवा हुद्दा. ते म्हणाले, "मी ही दारं बसवत होतो. काही चुकीची बसवली."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने दारापासून हात मागे घेतला आणि थोडी बाजूला सरकली.