वॉर्डातली जागा आणि सरांचे नियम

फार्मसीवाल्यांकडे किस्से साठतात ते एक्स्पायरी झालेल्या गोळ्यांसारखे. खपत नाहीत आणि फेकवतही नाहीत.

रत्नागिरीला फार्म.डी.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही तिघं बरोबर असायचो. मी, गुहागरचा ऋषिकेश आणि दाभोळची नसरीन. तिघांनाही मोठ्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी हवी होती, म्हणजे डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरून पेशंटची औषधं तपासायची. जागा मोजक्या, त्याही ओळखीवर. नसरीनला अब्बांनी एकच वर्ष दिलं होतं. नाही जमलं तर दाभोळला मामूंच्या मेडिकलमध्ये काउंटरवर बसायचं!

ओळखी कशा वाढवायच्या ते शिकवायला कॉलेजने एक सर आणले. भर मे महिन्यात टाय लावून यायचे. पहिल्याच तासाला म्हणाले, "नेटवर्किंग म्हणजे मागणं नव्हे, नातं जोडणं." तास सुटल्यावर मला जिन्यात गाठून स्वतःच्या मुलाचा सीव्ही हातात दिला. "कोणी भेटलं तर बघ हो जरा. दोन वर्षं घरीच आहे."

*

नातं जोडायचं ऋषिकेशने फारच मनावर घेतलं. पुण्याच्या कॉन्फरन्समध्ये एका हॉस्पिटलच्या मुख्य फार्मासिस्ट बाई भेटल्या. यानं सीव्ही दिला आणि लगेच विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?" निघालं वेळणेश्वर. कोकणी माणूस एवढ्यावर थांबतो थोडाच? आजोळ, भावकी करत करत दोघं पोफळीच्या एका बागेपर्यंत पोचले. त्याच बागेच्या गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, ऋषिकेशच्या आजोबांनी बाईंच्या काकांना हयातभर कोर्टात फिरवलं होतं.

"सीव्ही परत दिलान रे बाईंनी," तो सांगत होता. "वर म्हणाल्या, आजोबांना नमस्कार सांगा."

आजोबा वारल्याचं सांगायचं त्याला धाडस झालं नाही. आता तो औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी बसतो.

*

माझं वेगळंच. सर म्हणाले होते, भेटीनंतर पाठपुरावा सोडू नका. मी एका हॉस्पिटलातल्या साहेबांना दर सोमवारी मेसेज करायचो, सणाला शुभेच्छा वेगळ्या. चार महिन्यांनी उत्तर आलं. "बाळा, ते दिवाळीतच गेले. फोन मी वापरते. पण तू पाठवत जा, दुसरं कोणी पाठवत नाही."

अजून पाठवतो. सीव्ही जोडत नाही.

*

नसरीनला मुंबईच्या एका हॉस्पिटलने आठवडाभर पारखायला बोलावलं. निघताना सरांनी बजावलं, "राउंड चालू असताना मोठ्या डॉक्टरांना चारचौघांत टोकायचं नाही. संपल्यावर बाजूला घेऊन, नम्रपणे सांगायचं."

तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सहा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना एक इंजेक्शन सांगितलं. नसरीनने त्यांची जुनी फाइल वाचली होती. त्याच औषधाने मागे आजोबांचा श्वास कोंडला होता. तिने हात अर्धा वर केला. डॉक्टरांनी नुसतं पाहिलं. तिने हात खाली घेतला. राउंड पुढे सरकला, अजून अकरा खाटा होत्या.

राउंड संपल्यावर तिने डॉक्टरांना बाजूला घेऊन, नम्रपणे सांगितलं. ते धावत गेले. तोवर सिस्टरांनी इंजेक्शन दिलं होतं. दुपारी सहा नंबरची खाट रिकामी झाली, चादर बदलली.

पुढच्या आठवड्यात मेल आला. नसरीनची निवड झाली होती. खाली मोठ्या डॉक्टरांचा शेरा होता: "योग्य वेळी, योग्य पद्धतीने बोलते."

तिने तो आम्हाला वाचून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची दाभोळची एसटी पकडली.